पाचवी पाकळी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या एका रांगेत सात गावं होती, पण एका गावातून दुसरं दिसत नसे. मधे दऱ्या, मधे रान. लेक पलीकडच्या गावात दिली की आईला तिचं तोंड वर्षातून एखाद्या वेळी दिसायचं, तेही रस्ता धड असला तर.

त्या गावांची एक रीत होती. रोज सकाळी दारात रांगोळी काढायची आणि तिच्यातून घरची खबर सांगायची. लग्न ठरलं की मोरांची जोडी, बाळ झालं की पाळणा, कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर मिटलेली कळी. येणारेजाणारे ती वाचायचे, दारात थांबायचे, दोन शब्द विचारायचे. दिवेलागणीला रांगोळी झाडून टाकायची, उद्याची वेगळी. ज्या दारात रांगोळी नाही, त्या घरात सुतक आहे असं सगळे समजायचे.

पाडव्याला मात्र घरोघरी एकच आकृती असे, कमळाची. त्या घरच्या चुलीवरचं जेवणारी जितकी माणसं, तितक्या पाकळ्या. पाहुणा असला तर त्याचीही हवी. ज्याची पाकळी राहिली ते माणूस पुढचा पाडवा बघत नाही, असं लोक मानायचे, आणि मानणाऱ्यांत चांगली शहाणीसुरती माणसंही होती.

मग एके दिवशी या गावांत एक आरसेवाला आला. त्याने घरोघरी वळचणीला एकेक आरसा बसवून दिला, तोही फुकट. आरशाला दोन तोंडं होती. बाहेरचं तोंड अंगणाकडे बघायचं. आतल्या तोंडासमोर उभं राहून सातांपैकी कुठल्याही गावातल्या घराचं नाव घेतलं, की त्या घराचं अंगण आरशात उमटायचं, रांगोळीसकट. ज्या आयांनी लेकींचं दार कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ते रोज सकाळी दिसू लागलं. आया रडल्या, लेकी रडल्या. लोकांनी आरसेवाल्याला डोक्यावर घेतलं.

बाहेरच्या तोंडाला एक लाकडी झडप होती. ती सरकवली की आपलं अंगण परगावच्या कोणालाही दिसत नसे, नाव घेणाऱ्याला नुसता काळा आरसा दिसे. आरसेवाल्याने हे सांगितलं होतं, पण आरसा टांगून शिडी उतरता उतरता, पुढच्या घराकडे बघत. प्रत्येक घरची झडप त्याने उघडी ठेवली होती, आणि जी उघडी मिळाली ती उघडीच राहिली.

कोणी ती सरकवलीच, तर शेजारी टोमणा मारायचे की काय हो, अंगणात सोनंबिनं पुरलंय वाटतं. परगावचे नातेवाईक काळा आरसा बघून सुतक समजायचे आणि भेटायला निघायचे. एवढा घोळ कोण घालणार? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय, असं म्हणून लोक झडपेला हात लावेनासे झाले.

गंमत अशी की, ज्या दारात पाळणा दिसला त्या दारात दुसऱ्या दिवशी खुळखुळेवाला हजर, आणि ज्या दारात मोर दिसले त्या दारात बांगड्यांची पेटी घेऊन कासार. लोकांना याचंही कौतुकच वाटे. आरसेवाला तोपर्यंत टेकडीवर मोठं घर बांधून राहिला होता. त्या घरात कुठला आरसा आहे आणि त्यात काय काय दिसतं, हे त्याला कोणी विचारलं नाही.

या गावांपैकी सगळ्यात वरच्या गावात एक धाकटी राहायची. माहेरी ती दोघी बहिणींतली धाकटी, म्हणून सासरीही तिला धाकटीच म्हणायचे. घरात सासू, सासरे, नवरा आणि ती. तिच्या हाताला देणगी होती. चिमटीतून रांगोळी सुटायची ती रेशमाच्या धाग्यासारखी. सातही गावांतल्या बायका चूल पेटवण्याआधी तिच्या घराचं नाव घ्यायच्या आणि आज काय काढलंय ते बघायच्या. कोणी असं नाव घेतलं, की धाकटीच्या वळचणीचा आरसा बारीक किणकिणायचा. पूर्वी ती रांगोळी पुरी करायची आणि कामाला लागायची. आता रांगोळी झाल्यावर अंगणातच बसून किणकिण ऐकत राहायची.

एका सकाळी, उजाडायच्या सुमारास, मागच्या दाराने तिची थोरली बहीण आत आली. थोरली नदीकाठच्या गावात एका बड्या घरी दिलेली होती. पायात चप्पल नव्हती. पाठीवर वळ होते, जुन्यांवर नवे. सासूबाईंनी तिला पाणी दिलं, वळ पाहिले आणि काही न विचारता मागच्या खोलीत अंथरूण घातलं. सासऱ्यांनी तेवढंच सांगितलं की पोरीला परत पाठवायचं नाही. घर लहान होतं, पण त्या घरातली माणसं लहान नव्हती.

थोरलीचं सगळं ठरलेलं होतं. पाडवा झाला की मीठ विकून झालेला मिठाचा तांडा घाट उतरून समुद्राकडे परत जायचा. तिथे काथ्याचे दोर वळणाऱ्या बायकांची एक वस्ती होती. कोणाच्या मालकीची नसलेली, स्वतःच्या हातांवर जगणारी. तांड्याच्या नायकिणीने थोरलीला मिठाच्या रिकाम्या गोण्यांआड बसवून तिकडे न्यायचं कबूल केलं होतं. तोवर ती कुठे आहे हे कोणाला कळायला नको, इतकंच.

थोरलीचा नवरा आधी माहेरी शोधून आला, मग इथे आला, बरोबर दोन माणसं. थोरली धान्याच्या कणगीत दडून बसली. त्याने सगळं घर पाहिलं, गोड बोलला, गूळपाणी घेतलं. निघताना वळचणीच्या आरशाकडे बघून म्हणाला की मेहुणीबाईंची रांगोळी आमच्याकडे रोज बघतात बरं का. धाकटीला त्यात कौतुक ऐकू आलं. कणगीत बसलेल्या थोरलीला दुसरंच काही ऐकू आलं.

तिने बाहेर येताच बहिणीला झडप लावायला सांगितलं. धाकटीने लावलीही. पण दुपारच्या आत शेजारच्या गावातली माणसं सुतकाला म्हणून येऊन थडकली. एकीने तर फाटकातूनच रडायला सुरुवात केली होती, आणि समोर धडधाकट सासरेबुवा दाढी करत बसलेले पाहून तिचा हुंदका घशातच अडकला. पलीकडच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "जिवंत माणसांच्या घरी लोकांना रडायला लावलंस गं बाई." गल्लीभर हसणं झालं. धाकटी शरमली आणि तिने झडप पुन्हा उघडली. शरमेने उघडली हे खरं. पण त्या सकाळी आरसा मुका राहिला होता आणि तेही तिला सोसलं नव्हतं.

पाडवा उद्यावर आला तेव्हा दोघी मागच्या खोलीत गव्हाच्या कुरडया करत बसल्या होत्या.

"उद्या झडप लाव," थोरली म्हणाली.

"पाडव्याला? ताई, लोक वर्षभर या दिवसाची वाट बघतात. काळा आरसा दिसला तर सगळी गावं इथे धावत येतील. मग तुला कुठे ठेवू?"

"मग मला सोडून काढ. चार पाकळ्या काढ."

"असं बोलू नये."

"पाकळी नसली तर मी मरेन का, ते मला माहीत नाही. त्यांना सापडले तर काय होईल, ते मात्र चांगलं माहीत आहे."

धाकटी सोऱ्या फिरवत राहिली. मग समजूत काढल्यासारखी म्हणाली, "आणि संध्याकाळी झाडूनच टाकायची असते ना गं. एका दिवसात काय उरतं?"

"रांगोळी झाडता येते," थोरली म्हणाली. "बघितलेलं कोण झाडणार?"

धाकटीने मान डोलावली आणि चारच काढीन असं सांगितलं. सांगताना तिच्या मनात तसंच होतं.

पाडव्याच्या सकाळी तिने अंगण सारवलं आणि कमळ काढलं. चार पाकळ्या, प्रत्येकीच्या कडेला मोत्यांसारखे ठिपके, खाली पानं आणि पाण्याच्या लाटा. असं कमळ तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं. पण ती उठली आणि लांबून बघू लागली तेव्हा तिला कमळ दिसेचना. पाकळ्यांच्या मधली एक रिकामी जागा तेवढी दिसत राहिली. आत बहीण होती, तिच्याच ताटात जेवलेली, जिने लहानपणी तिला हाताला धरून पहिला ठिपका काढायला शिकवलं होतं. आणि आपणच तिला या घरातून, या वर्षातून पुसून टाकायचं?

झडप अजूनही हाताच्या अंतरावर होती. ती सरकवली असती तर पाच काय, पंचवीस पाकळ्या काढता आल्या असत्या. आलेल्या पाहुण्यांना काहीतरी सांगता आलं असतं, थोडं हसं झालं असतं, इतकंच. तिने झडपेकडे पाहिलंसुद्धा. मग तिला वाटलं, हे कमळ कोणी बघायचंच नाही का?

ती पुन्हा खाली बसली आणि एका पानाच्या आडोशाला, अगदी लहानशी, पाचवी पाकळी काढली. पाकळ्या मोजत कोण बसणार आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

आरसा किणकिणू लागला. सकाळभर किणकिणत राहिला.

गल्लीतल्या बायकांनी पाकळ्या मोजल्याच. पलीकडच्या काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "पाचवी पाकळी पानाआड लपवलीस होय? चिंचा धाडू का घरी?" सगळ्या हसल्या. धाकटीला दिवस गेले आहेत अशी बातमी गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचली. धाकटीने लाजून तो समज तसाच राहू दिला. बरंच झालं, असं तिला वाटलं, आपोआप एक आडोसा मिळाला.

सासूबाई गुढीच्या नैवेद्याचं आटोपून बाहेर आल्या आणि त्यांची नजर कमळावर पडली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्या खराटा घेऊन आल्या आणि भर दुपारी, सणाच्या दिवशी, त्यांनी ते सगळं कमळ झाडून टाकलं. पण सकाळ होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. या वेळी पुष्कळ होती आणि गूळपाणी कोणी मागितलं नाही.

"मेहुणीबाई," थोरलीचा नवरा म्हणाला, "तुम्ही घरात माणसं चार. पाचवं जेवायला कोण आहे?"

धाकटी दोन पावलं मागे सरकली. भिंतीपलीकडून काकूच बोलल्या, तिला वाचवायला म्हणून, की अहो, पोरीला दिवस गेलेत, तिला कशाला दरडावता.

"पोटातल्या लेकराला पाकळी नसते काकू," तो शांतपणे म्हणाला. "चुलीवरचं जेवणाऱ्याला असते. रीत आम्हालाही ठाऊक आहे. ती पळाली त्या दिवसापासून आमच्या घरचं कोणी ना कोणी आरशासमोर बसून आहे."

सासरे दारात आडवे झाले, त्यांना ढकलून दिलं. धाकटीचा नवरा पुढे धावला, त्याला दोघांनी भिंतीशी दाबून धरलं. कणगीचं झाकण उघडायची वेळच आली नाही. आणखी कोणाला लागू नये म्हणून थोरली आपणहून बाहेर आली. पदर नीट केला. सासूबाईंच्या पाया पडली. धाकटी तिच्या कमरेला मिठी मारून रडत होती आणि पुन्हा पुन्हा सांगत होती की तुला पुसून टाकायला माझा हातच उचलला नाही ताई, मी तुला विसरू शकले नाही.

थोरलीने तिचे हात हळूच सोडवले.

"विसरायला हवं होतंस गं," ती म्हणाली.

ती त्यांच्याबरोबर गल्लीतून चालत गेली. दोन्ही बाजूंना दारादारात माणसं उभी होती. कोणी खाली बघत होतं, कोणी लेकराला आत ओढत होतं. आणि वळचणीचा आरसा किणकिणत होता. इतका तो पाडव्यालाही किणकिणला नव्हता. सातही गावं बघत होती. पुढे मात्र एकही माणूस आला नाही.

दुसऱ्या सकाळी कितीतरी अंगणांत मिटलेल्या कळ्या दिसल्या. लोकांना खरोखरच वाईट वाटलं होतं. काहींच्या कळ्या फार सुबक होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या कामाला लागला आणि पुन्हा मोर, पाळणे सुरू झाले.

मिठाचा तांडा ठरल्याप्रमाणे आला. नायकीण मागच्या दाराशी थोडी थांबली, सासूबाईंशी काही बोलली आणि बैल हाकून निघून गेली.

धाकटी टेकडी चढून आरसेवाल्याकडे गेली. तिने त्याला विचारलं की झडप आधी बंद ठेवून, ज्याला हवी त्याने उघडावी, असं का नाही केलं. आरसेवाला मोठ्या मनाचा असल्यासारखा हळहळला. मग म्हणाला, "बाई, झडप होती. मी सांगितलंही होतं. तुमचा हात कोणी धरला होता?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि याचाच तिला जास्त संताप आला. त्याच्या मागे भिंतभर एक आरसा होता. त्यात सातही गावांची सगळी अंगणं एकदम दिसत होती.

तिथून ती घरोघरी फिरली. तिने आधी स्वतःची झडप लावली होती. आता ती दुसऱ्यांना सांगू लागली. काही जणांनी दारातूनच वाटेला लावलं. काही म्हणाले, तुमच्या घरची गोष्ट वेगळी होती. काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मायेने समजावलं की अगं, आम्ही साधी माणसं, आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?

"तुमच्याकडे नसेल काकू," धाकटी म्हणाली. "पण उद्या तुमच्याकडे लपायला कोण येईल, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?"

काकूंनी तिच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. मग त्यांनी विषय बदलला. आणखी एका घरी नवीन लग्न होऊन आलेली मुलगी हे सगळं उभी राहून ऐकत होती. सासू आत गेल्यावर तिने चौरंग ओढला आणि झडप सरकवली. धाकटीचं सोडलं तर सगळ्या गावात त्या दिवशी तेवढंच एक घर.

एवढं सगळं झाल्यावर धाकटीच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली, जी तिला आधीच सुचायला हवी होती. आरशातून आपल्यालाही बघता येतं. निदान ताईच्या दारात रोज रांगोळी पडते का, कोणाच्या हातची पडते, एवढं तरी कळेल. रांगोळीवरचा हात तिने कुठेही ओळखला असता. ती आरशाच्या आतल्या तोंडासमोर उभी राहिली आणि थोरलीच्या सासरच्या घराचं नाव घेतलं.

आरसा काळा झाला.

तिला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने पुन्हा नाव घेतलं. तोच काळा. मग तिने गल्लीत विचारलं, माहेरी निरोप पाठवून विचारलं, की त्या घराचं अंगण कोणी कधी पाहिलंय का. कोणालाच आठवेना. बडं घर आहे, असेल त्यांचं काही, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. सगळ्यांच्या अंगणात डोकावत बसणाऱ्या त्या घराने आपली झडप मात्र पहिल्या दिवसापासून लावून ठेवली होती.

आता धाकटी रांगोळी पूर्वीसारखी काढत नाही. दारात चार ठिपके ठेवते आणि आत जाते. आणि रोज सकाळी आरशासमोर उभी राहून बहिणीच्या घराचं नाव घेते. ती आजारी आहे की बरी, जेवते की उपाशी, आहे की नाही, काही कळत नाही. आरशात फक्त लाकडाची काळी पाठ, आणि तिच्यावर पुसट उमटलेला धाकटीचा स्वतःचा चेहरा.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं ज्याला म्हणता येतं तो नशीबवान, पण त्याच्या भरवशावर दुसरं कोणीतरी लपलेलं असू शकतं. म्हणून हातातल्या फोनवरचं आपलं स्टेटस, आपले फोटो, आपला ठावठिकाणा कोणाला दिसावा याची झडप दुसऱ्याने ठेवली तशी न सोडता आजच स्वतःच्या हाताने लावावी, आणि दुसऱ्याची खबर, कितीही प्रेमापोटी असली तरी, त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत मांडू नये.